लिलावाच्या नोटिशीतला फ्लॅट: विकणाऱ्याचं गणित आणि घेणाऱ्याचं गणित

हप्ता थकला म्हणून दुसऱ्या दिवशी बँक दाराला सील लावत नाही. पहिला हप्ता चुकल्यापासून घराचा लिलाव होईपर्यंत बहुतेक वेळा वर्ष सहज जातं, कधी कधी दोन-तीन वर्षंही जातात. या काळात कर्जदाराला बरंच काही करता येतं. पण बँकेची पाकिटं न उघडताच कपाटावर जातात, फोन उचलले जात नाहीत, भावाला किंवा मेहुण्याला सांगायची लाज वाटते. मग सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कागद चिकटतो आणि धावपळ सुरू होते, तेव्हा हातातले बरेचसे पर्याय संपलेले असतात.

दुसरीकडे असतो स्वस्त घराच्या शोधातला माणूस. बाजारात ७५ लाखांचा फ्लॅट बँक ६० लाखांपासून विकायला काढते हे त्याला दिसतं. तो आकडा तसाच का आहे, हे त्याला कोणी नीट सांगत नाही.

दोघांसाठी आपण एकच काल्पनिक फ्लॅट डोळ्यासमोर ठेवू. डोंबिवली पूर्वेला दोन बेडरूमचं घर, बाजारभाव ७५ लाख, कर्जाची बाकी ४८ लाख. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तुमच्या व्यवहारात ते वेगळे असतील.

घर लिलावापर्यंत कसं पोचतं

थकबाकी ९० दिवसांच्या वर गेली की बँक ते खातं अनुत्पादक ठरवते, म्हणजे बोलीभाषेत ‘खातं एनपीए झालं’. इथे बरेच जण फसतात. एनपीए झाल्यावर एखादा हप्ता भरला की खातं पुन्हा नियमित होईल, असं त्यांना वाटतं. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की मागची सगळी थकबाकी, व्याजासकट, भरल्याशिवाय खातं नियमित धरायचं नाही. एकेक हप्ता भरत राहिल्याने बाकी कमी होते, पण गाडी थांबत नाही.

पुढचा सगळा प्रवास २००२ च्या सरफेसी कायद्यावर चालतो. कोर्टात दावा न लावता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार या कायद्याने बँकांना दिला. सहकारी बँकांना तो लागू आहे की नाही यावर वर्षानुवर्षं वाद होता. तो मिटला कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात: मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो असं सांगितलं. पतसंस्थांचं मात्र वेगळं आहे. त्यांची वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली, नियम १०७ ने होते, तिथल्या मुदती आणि रकमा निराळ्या. त्यामुळे नोटीस हातात आली की सर्वात आधी ती कोणत्या कायद्याखाली आहे ते बघा. शेतजमिनीला सरफेसी लागू नाही, आणि मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी रक्कम बाकी असेल तरीही लागू नाही.

पहिली कायदेशीर पायरी म्हणजे कलम १३(२) ची मागणी नोटीस. या क्षेत्रातले लोक तिला ‘थर्टीन टू’ म्हणतात. पूर्ण रक्कम भरायला ६० दिवस मिळतात. या मुदतीत कर्जदार लेखी हरकत घेऊ शकतो, जसं की व्याज चुकीचं लावलं आहे किंवा भरलेले हप्ते जमा दिसत नाहीत. अशा हरकतीला १५ दिवसांत उत्तर देणं बँकेवर बंधनकारक आहे. तरीही फार थोडे लोक हे पत्र लिहितात. हरकत फेटाळली गेली तरी ते पत्र पुढे न्यायाधिकरणात कामी येतं.

साठ दिवस संपले की कलम १३(४) खाली बँक कब्जा घेते. सुरुवातीला हा कब्जा बहुधा सांकेतिक असतो. दारावर नोटीस लागते, दोन वर्तमानपत्रांत छापली जाते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. माणसं घरातच राहत असतात. या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करता येतो. डीआरटी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचं औरंगाबाद) आहेत. दिवाणी कोर्टात जाऊन स्थगिती आणू असं कोणी सांगत असेल तर जपून, कारण या बाबतीत दिवाणी कोर्टाची वाट कायद्यानेच बंद केली आहे.

आधी विकणाऱ्याबद्दल

मी हे आधी लिहितो आहे, कारण लिलावाबद्दलच्या मजकुरात घर जाणाऱ्याला क्वचितच कोणी विचारतं.

कर्जदार स्वतः आपलं घर विकू शकतो का? हो, एनपीए झाल्यावरही. फक्त १३(२) ची नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही. बँका ही संमती सहसा नाकारत नाहीत, कारण लिलावापेक्षा त्यांनाही हे सोपं पडतं. अट इतकीच की येणारा पैसा आधी कर्जखात्यात गेला पाहिजे.

आता आपल्या डोंबिवलीच्या फ्लॅटकडे या. मालकाने घाईत, बाजारापेक्षा ५ लाख कमी घेऊन तो ७० लाखांना विकला असं धरू. त्यातून बँकेचे ४८ लाख आणि एजंटची एक टक्का दलाली ७० हजार वजा केली की हातात २१ लाख ३० हजार उरतात. आता तोच फ्लॅट वर्षभराने लिलावात ६२ लाखांना गेला असं धरा. तोवर व्याज, वकील, जाहिराती आणि कब्जाचा खर्च धरून बाकी ५२ लाखांवर गेलेली असेल. उरतात १० लाख. एका वर्षाच्या गप्प बसण्याची किंमत ११ लाखांहून अधिक झाली, आणि सिबिलवर लिलावाचा डाग पडला तो निराळाच.

यात मुदतीचा एक मुद्दा असा आहे की तो प्रत्येक कर्जदाराने लक्षात ठेवला पाहिजे. पूर्वी समज असा होता की विक्री पुरी होईपर्यंत कधीही पैसे भरून घर सोडवता येतं. २०१६ च्या दुरुस्तीने ते बदललं. लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्याआधीच पूर्ण रक्कम भरली तर घर सोडवण्याचा हक्क राहतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. म्हणजे लिलाव महिन्याभराने असला तरी वर्तमानपत्रात नोटीस छापून आल्या दिवशी तुमचा हक्क संपलेला असतो. नंतर बँकेने ऐकलं तर ती तिची मर्जी.

म्हणून विकायचं असेल तर १३(२) च्या साठ दिवसांतच, शक्य असेल तर त्याच्याही आधी. इथे जाणकार एजंट खरोखर उपयोगी पडतो, आणि हे काम नेहमीच्या रीसेलपेक्षा बरंच वेगळं आहे. मूळ कागद बँकेत असतात, म्हणून आधी बँकेकडून दोन गोष्टी घ्याव्या लागतात: फोरक्लोजर लेटर, म्हणजे अमुक तारखेला कर्ज मिटवायला नेमके किती लागतील त्याचं पत्र, आणि एलओडी, म्हणजे बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी. खरेदीदाराची बँक या दोन कागदांवरच कर्ज मंजूर करते आणि जुन्या बँकेच्या नावाने थेट धनादेश काढते. फोरक्लोजर लेटरची मुदत थोड्या दिवसांची असते. खरेदीदाराचं कर्ज लांबलं की ते पुन्हा काढावं लागतं. असे व्यवहार केलेला एजंट दोन्ही बँकांच्या तारखा जुळवून आणतो. न केलेला एजंट फक्त गिऱ्हाइकं दाखवत राहतो, आणि तेवढ्यात साठ दिवस उडून जातात.

खरेदीदारापासून काही लपवू नका. कर्ज थकलं आहे हे पहिल्याच भेटीत सांगा. नोटीस आली की गोष्ट तशीही जगजाहीर होते, आणि मध्येच कळलं तर माणूस बिचकून निघून जातो. टोकनची रक्कम शक्यतो थेट कर्जखात्यात भरून घ्या, त्याने खरेदीदाराचाही विश्वास बसतो.

कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत देणं बँकांवर बंधनकारक आहे. उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे.

एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, हाही एक मार्ग. पण तो कर्जदाराचा हक्क नाही. बँकेने ओटीएस दिलंच पाहिजे असं कोर्टाकडून मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगून ठेवलं आहे. शिवाय बँकेने काही रक्कम सोडली तर सिबिलच्या अहवालात तसा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज घेताना तो आडवा येतो.

अडचणीतल्या माणसाभोवती आणखी एक जमात जमते. ‘मी बँकेचं सगळं बघतो, तुम्ही फक्त कुलमुखत्यारपत्र द्या’ असं म्हणणारे. घराचे अधिकार असे कोणाच्याही हाती देऊ नका. चांगल्या एजंटला तुमचं कुलमुखत्यारपत्र लागत नाही.

नोटीस ओळीओळीने

आता खरेदीदाराची बाजू. बँकांच्या विक्री नोटिशी वर्तमानपत्रांत येतात आणि सरकारी बँकांची घरं जानेवारी २०२५ पासून ‘बँकनेट’ या पोर्टलवर एकत्र दिसतात. खासगी बँका आणि गृहवित्त कंपन्या आपापल्या किंवा खासगी लिलाव पोर्टलवर जातात.

नोटिशीची मराठी बोजड असते, पण तिच्यातला प्रत्येक शब्द पैशांशी बांधलेला आहे. ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे आणि जे काही आहे तेथे आहे’ ही ओळ सगळ्यात आधी वाचा. बँक इथे सांगते आहे की घरात, कागदात किंवा थकबाकीत जे काही निघेल ते तुमचं. गळती निघाली, सोसायटीची तीन वर्षांची बाकी निघाली, बाल्कनी बेकायदा बंद केलेली निघाली, तरी बँकेकडे दाद मागायला जागा फार थोडी उरते.

मग ‘राखीव किंमत’. मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराच्या अहवालावरून ती ठरते आणि तिच्याखाली बोली घेतली जात नाही. ‘इसारा अनामत रक्कम’ बहुतेक वेळा राखीव किमतीच्या १० टक्के असते. पहिल्या लिलावासाठी ३० दिवसांची नोटीस लागते. तो फसला तर पुढच्यासाठी १५ दिवस पुरतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत किंमत बरेचदा खाली येते. तेव्हा एकाच घराची नोटीस वारंवार दिसत असेल तर ते कोणी का घेत नाही, याची चौकशी करा.

‘कब्जाचा प्रकार’ हा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रत्यक्ष कब्जा लिहिलं असेल तर घर रिकामं आणि बँकेच्या कुलपात आहे. सांकेतिक लिहिलं असेल तर आत माणसं राहताहेत. त्यांना बाहेर काढायला बँकेला कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. कायद्यात त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे, लेखी कारण देऊन एकूण ६० दिवसांपर्यंत. प्रत्यक्षात महिनेच्या महिने लागतात, कारण ही मुदत उलटली म्हणून आदेश रद्द होत नाही असं न्यायालयांनी मानलं आहे.

आणि आत राहणारा माणूस कर्जदारच असेल असं नाही. मुंबईत जुन्या इमारतींत भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेले भाडेकरू असतात. गहाणाच्या आधीपासूनच्या खऱ्या भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर सरळ बाहेर काढता येत नाही, हे २०१६ मध्ये मुंबईतल्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. त्यामुळे ‘घरात कोण आहे आणि कोणत्या नात्याने आहे’ या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत अनामत भरू नये.

‘ज्ञात बोजे’ या रकान्यात बहुतेक वेळा ‘ज्ञात नाही’ असं छापलेलं असतं. त्याचा अर्थ बोजा नाही असा नव्हे. बँकेला माहीत नाही किंवा तिने शोधलं नाही, एवढंच. सोसायटीची थकबाकी, महापालिकेचा मालमत्ता कर आणि वीजबिल या तीन गोष्टी घराला चिकटून येतात. सोसायटी मागची बाकी मिटल्याशिवाय नवं सभासदत्व द्यायला कुरकुरते, हा सगळीकडचा अनुभव. विजेच्या जुन्या थकबाकीबद्दल मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी ती नव्या मालकाकडून मागू शकते. सरकारी कराच्या थकबाकीवर मात्र आपल्याकडे दिलासा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये, जळगावच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात, सेरसाय या केंद्रीय नोंदवहीत नोंदवलेल्या बँकेच्या हक्काला विक्रीकराच्या येण्यांपेक्षा वरचं स्थान दिलं. म्हणूनच सेरसायवरची बँकेची नोंद आणि कर खात्याच्या जप्तीची नोंद यांत कोणती आधीची, हे वकिलाकडून तपासून घ्यावं लागतं.

बोली जिंकल्यावरचे दिवस

लिलाव ऑनलाइन होतो. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढत जाते, आणि त्या भरात माणसं ठरवलेल्या आकड्याच्या पुढे जातात. आपला आकडा आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवावा आणि तो कागद घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात द्यावा.

आपला फ्लॅट ६२ लाखांना सुटला असं धरू. त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी एकूण २५ टक्के, म्हणजे साडेपंधरा लाख, भरावे लागतात. ६ लाख अनामत आधीच गेलेली असते, तेव्हा रातोरात आणखी साडेनऊ. उरलेले साडेशेहेचाळीस लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेने लेखी मुदतवाढ दिली तरच जास्त वेळ, आणि तीही जास्तीत जास्त तीन महिने.

ही रक्कम वेळेत उभी राहिली नाही तर? भरलेले साडेपंधरा लाख जप्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी जप्ती योग्य ठरवली आहे. कर्ज मंजूर होईल या भरवशावर बोली लावणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. गृहकर्ज लिलावाच्या घरालाही मिळतं, पण नेहमीच्या वेगाने चालणारी बँक पंधरा दिवसांत पैसे सोडेल याची खात्री नसते. आधी आपली मंजुरी घ्या, मग बोली लावा.

आता खरा हिशेब. या घराचं रेडी रेकनर मूल्य, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेली किंमत, ६६ लाख धरू, आणि सावधपणे मुद्रांक शुल्क त्या जास्तीच्या आकड्यावर, ७ टक्क्यांनी लावू: ४ लाख ६२ हजार. नोंदणी फी ३० हजार. सोसायटीची बाकी २ लाख ४० हजार, मालमत्ता कर ६० हजार, वीज २५ हजार. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार. वर्ष-दोन वर्षं देखभाल न झालेल्या घराची दुरुस्ती ३ लाख. वकील आणि एजंट मिळून सव्वा लाख. बेरीज ७४ लाख ६७ हजार.

हाच फ्लॅट बाजारात ७५ लाखांना घेतला असता तर ५ लाख २५ हजार मुद्रांक, ३० हजार नोंदणी आणि ७५ हजार दलाली धरून ८१ लाख ३० हजार पडले असते. म्हणजे वरवर १३ लाखांची दिसणारी बचत ६ लाख ६३ हजारांवर आली.

आता कब्जा सांकेतिक होता आणि किल्ली मिळायला एक वर्ष लागलं असं समजा. ४५ लाखांच्या कर्जावर ९ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ४ लाख ५ हजार, आणि स्वतः राहता त्या घराचं भाडं महिना १५ हजारांनी १ लाख ८० हजार. साडेसहा लाखांतले जवळजवळ पाच लाख पंच्याऐंशी हजार इथेच गेले. प्रत्यक्ष कब्जा असलेलं घर दोन-तीन लाख जास्त देऊनही अनेकदा स्वस्त पडतं ते यामुळे.

आयकराचं एक कलम तर बहुतेकांच्या गावीही नसतं. रेडी रेकनर मूल्य खरेदी किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल आणि फरक ५० हजारांच्या वर असेल, तर तो फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरला जातो. ६२ आणि ६६ मध्ये ही अडचण येत नाही. पण राखीव किंमत उतरून हाच फ्लॅट ५८ लाखांना मिळाला असता, तर ८ लाखांचा पूर्ण फरक उत्पन्नात मिळवला गेला असता. ३० टक्क्यांच्या गटात उपकरासकट सुमारे अडीच लाख कर. किमतीत वाचलेल्या ४ लाखांतले अडीच लाख परत गेले. बोलीच्या आधी सीएला फोन करावा तो याचसाठी. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर १ टक्का टीडीएसही खरेदीदारानेच कापून भरायचा असतो. तो कोणाच्या पॅनवर, हे बँकेकडून लेखी घ्या.

पूर्ण पैसे भरल्यावर बँकेचा प्राधिकृत अधिकारी विक्री प्रमाणपत्र देतो. लिलावात खरेदीखत नसतं, हे प्रमाणपत्रच तुमच्या मालकीचा कागद. त्यावर मुद्रांक भरून नोंदणी करून घ्या, पुढे विकताना किंवा गहाण ठेवताना त्यावाचून अडतं.

एजंट जाणकार आहे हे कसं ओळखायचं

महाराष्ट्रात महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे, नोंदणी असलेला एजंट घ्यावा, हे पहिलं. २०२३ पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. एजंटचं नाव आणि क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत तपासता येतो. पण एवढ्याने भागत नाही. रेराची सक्ती नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीपुरती आहे, जुन्या सोसायटीतल्या रीसेलवर आणि बँक लिलावावर ती सरळ बसत नाही. नोंदणी म्हणजे माणूस सापडेल एवढी खात्री. लिलावाची माहिती ही वेगळी गोष्ट.

ती त्याने विचारलेल्या प्रश्नांवरून कळते. जाणकार एजंट तुम्हाला घर दाखवायच्या आधी प्राधिकृत अधिकाऱ्याला विचारून ठेवतो: कलम १४ चा आदेश झाला आहे का, डीआरटीत अर्ज पडून आहे का, स्थगिती आहे का. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून थकबाकीचा आकडा लेखी आणतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा, काढून आणखी कोणत्या बँकेच्या गहाणाची नोंद आहे का ते बघतो. नवी मुंबईत असेल तर सिडकोचं हस्तांतरण शुल्क, वर्ग २ ची जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर त्याचा परिणाम, हे सगळं तो स्वतःहून काढतो. आणि वॉचमनशी बोलतो. घरात कोण राहतं, रात्री दिवा लागतो का, मागच्या सहा महिन्यांत कोणी बघायला आलं होतं का, हे वॉचमनइतकं नीट कोणालाच माहीत नसतं.

आणखी एक खूण मला पक्की वाटते. ज्याने कधीच ‘हे घेऊ नका’ म्हटलेलं नाही, तो या कामाचा एजंट नव्हे. त्याला विचारा, लिलावाचं कोणतं घर तुम्ही गिऱ्हाइकाला सोडायला लावलं आणि का. ज्याने हे काम केलं आहे त्याच्याकडे अशा दोन-तीन हकिकती तोंडावर असतात.

लिलावात एजंटचे पैसे सहसा खरेदीदारच देतो, बँक देत नाही. म्हणून आकडा आणि तो कधी द्यायचा हे आधी लिहून घ्या. काही भाग चौकशीसाठी आणि मोठा भाग विक्री प्रमाणपत्र हाती आल्यावर, ही पद्धत दोघांनाही बरी पडते. फक्त बोली जिंकल्यावर पैसे मिळणार असतील तर एजंटचं मन बोली वाढवण्याकडे झुकणारच. तोच एजंट कर्जदाराच्या बाजूनेही काम करत असेल तर ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे. ‘बँकेत आपली ओळख आहे, लिलावाआधीच मिळवून देतो, थोडी रोख लागेल’ असं ऐकू आलं तर तिथूनच परत फिरा. पैसे फक्त नोटिशीत छापलेल्या बँक खात्यात जातात, दुसरीकडे कुठेही नाही.

आणि वकील वेगळा हवा. एजंट कितीही जाणकार असला तरी ३० वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, आणि डीआरटीची कागदपत्रं वाचणं त्याचं काम नाही, आणि एजंटनेच सुचवलेला वकील घ्यायचीही गरज नाही. लिलावाच्या प्रक्रियेत चूक निघाली, म्हणजे नोटिशीची मुदत कमी पडली किंवा कर्जदाराला नोटीस पोचलीच नाही, तर न्यायाधिकरण विक्री रद्द करू शकतं. तेव्हा पैसे परत मिळाले तरी मधली वर्षं परत मिळत नाहीत. बँकेच्या फाइलमधल्या तारखा वकिलाने बोलीआधी मोजायच्या त्या याच भीतीने.

आत माणसं राहत असतील तर त्यांच्याशी थेट भांडायला जाऊ नका, एजंटलाही धमकावू देऊ नका. घर रिकामं करून देणं बँकेचं आणि दंडाधिकाऱ्यांचं काम आहे. पण चांगला एजंट कधी कधी त्या कुटुंबाशी बसून बोलतो, मुलांची परीक्षा होईपर्यंत महिनाभर थांबू म्हणतो, सामान हलवायच्या टेम्पोचा खर्च खरेदीदाराकडून देववतो. पंधरा-वीस हजारांत वर्षाचा कज्जा टळतो, आणि त्या घरातली माणसं पोलिसांच्या देखत बाहेर पडण्याऐवजी आपल्या पायांनी बाहेर पडतात.

त्या कुटुंबाला आणखी एक गोष्ट कोणीतरी सांगायला हवी, आणि बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. लिलावात बँकेच्या येण्यापेक्षा जास्त रक्कम आली असेल, तर खर्च वजा जाता वरचे पैसे कायद्याने त्यांचे आहेत. आपल्या उदाहरणातले १० लाख तेच. प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी अर्ज करायचा, पूर्ण हिशेब मागायचा, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची. दुसरा कोणी हक्कदार नसेल तर बँकेला ते द्यावे लागतात. उलट रक्कम कमी आली असेल तर उरलेल्या बाकीसाठी बँक कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्या मागे येऊ शकते, तेव्हा लिलाव झाला म्हणजे विषय संपला असं समजून बँकेची पत्रं बाजूला टाकू नका.